खुळ्यांची थोरवी

वाणगाव स्टेशनच्या एका बाजूला बोईसर आणि दुसऱ्या बाजूला डहाणू रोड. बोईसरला उतरून समुद्राकडे गेलात की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. डहाणूला उतरून खाडीकडे वळलात की कोळशावरचे औष्णिक केंद्र. मधल्या वाणगावची ओळख मिरचीची. ढोबळी, भावनगरी, ज्वाला अशा जातींची खोकी भरून टेम्पो वाशीच्या बाजाराकडे निघतात. थोडे पश्चिमेला, चिंचणी-वरोर-वाढवणच्या बाजूला, घरोघरी डायमेकर बसलेले दिसतात. सोन्याच्या दागिन्यांचे साचे पोलादावर कोरण्याचे काम. दिवा नाकाजवळ ओढून, छिन्नीवर हलका ठोका देत, केसाइतकी बारीक रेघ उठवायची असते. दिवा गेला की हात थांबतो. चुकून पडलेला एक ठोका दोन दिवसांचे काम वाया घालवतो.

अणू आणि कोळसा अशा दोन शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या या पट्ट्यात विजेचा लांब पल्ल्याचा विचार गेली साठ वर्षे चालू आहे. तो करणारी माणसे दोन प्रकारची. पहिल्या प्रकारच्या माणसांना शहाणे म्हणतात. ती दिल्लीत, मुंबईत, मंत्रालयात आणि कंपन्यांच्या मुख्यालयांत बसतात आणि पंचवीस-तीस वर्षांनंतर किती मेगावॅट लागतील ते सांगतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना खुळे म्हणतात. सरकारी कागदात त्यांना ‘विकासविरोधी’ असे भारदस्त नाव असते, पण नाक्यावर सगळे साधेच बोलतात: “त्या खुळ्यांच्या नादाला लागू नका.” हा लेख त्या खुळ्यांच्या गौरवासाठी लिहिला आहे. शब्दही त्यांच्या वाट्याला आला तोच ठेवला आहे, कारण त्यांनी तो आयुष्यभर तक्रार न करता अंगावर वागवला.

या खुळेपणाचा सर्वांत मोठा पराक्रम एका यंत्राचा आहे. त्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण डहाणूत वाढलेल्या तरुण पिढीलाही ती पुरती ठाऊक नाही.

मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या बीएसईएस कंपनीला 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्वतःचे केंद्र हवे होते. जागा ठरली डहाणूची, क्षमता 500 मेगावॅट, म्हणजे अडीचशेचे दोन संच. वीज जाणार उपनगरांत आणि धूर राहणार इथे. केंद्राला मंजुरी मिळताना एक अट होती: धुरातला गंधक धुऊन काढणारे संयंत्र बसवायचे. शहाण्यांना ही अट अनाठायी वाटली. आपल्या कोळशात गंधक कमी असतो, धुराडे उंच बांधले की धूर वरच्या वर विरून जातो, या यंत्राचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच बिलात येतो, अशी त्यांची बाजू होती. धुराडे खरोखरच उंच बांधले गेले, जवळजवळ पावणेतीनशे मीटर. रेल्वेतून ते दुरूनही दिसते.

खुळ्यांची बाजू वेगळी होती आणि ती बागेत उभे राहून तयार झाली होती. डहाणू-घोलवडच्या चिकूला जवळजवळ वर्षभर फूल येते. फळ झाडावर कित्येक महिने असते. म्हणजे एखाद्या हंगामापुरती काळजी घेऊन भागत नाही. झाडावर रोजच काहीतरी नाजूक चाललेले असते. किनाऱ्यावरचा वारा दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. तेव्हा खाडीकाठच्या धुराड्यातून दिवसा निघालेला धूर कुठे जाणार, हे इथल्या कुठल्याही बागायतदाराला किंवा वारली मजुराला विचारले असते तरी कळले असते. नकाशावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण एकच होता. बागेत मात्र सकाळचा वारा, दुपारचा वारा आणि रात्रीचा मतलई असे तीन वारे होते.

डहाणूच्या नर्गिस इराणी आणि त्यांच्यासोबतच्या थोड्या लोकांनी हे म्हणणे न्यायालयात नेले. थोडेच लोक होते, त्यातले बरेच बागायतदार. कोर्टकचेरीचा अनुभव कुणालाच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र थांबवले नाही. पण परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय गंधक धुण्याची अट सैल करू नये, असे न्यायालयाने सांगितले. एखाद्या शहाण्या माणसाने इथे हिशेब मिटवला असता: खटला हरला, केंद्र उभे राहणार, आता मुलाबाळांचे बघावे. या लोकांनी ते एक वाक्य हाती धरले आणि त्याच्या मागे लागले.

त्याच वर्षी, 20 जून 1991 रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यातल्या उद्योगांच्या जमिनीला 500 एकरांची मर्यादा घातली गेली आणि भोवती 25 किलोमीटरचा राखीव पट्टा आला. वाणगावच्या शेतांतून आज कारखान्यांऐवजी मिरची पिकते, त्यामागे ही अधिसूचना आहे. पण अधिसूचना कागदावर राहू नये म्हणून पुन्हा न्यायालयातच जावे लागले. पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर 31 ऑक्टोबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण जन्माला आले. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने मे 1999 मध्ये कंपनीला गंधक धुण्याचे संयंत्र बसवायला सांगितले. पुढे काय झाले ते तारखांवरूनच कळेल. कंपनी बीएसईएसची रिलायन्स झाली, आणि आज ती अदानींकडे आहे. मुदती गेल्या, बँक हमीचे आदेश निघाले, प्रकरण पुन्हा न्यायालयांत फिरले. दरम्यान हे प्राधिकरणच गुंडाळून टाकावे, असा अर्ज केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात केला. तो मान्य झाला नाही. अखेर 2007 मध्ये संयंत्र चालू झाले. 1989 च्या मंजुरीपासून मोजले तर अठरा वर्षे.

यंत्राची कृती समजून घेण्यासारखी आहे. बॉयलरमधून आलेला धूर एका उंच मनोऱ्यातून वर जातो आणि त्याच्या अंगावर समुद्राच्या पाण्याचा वर्षाव होतो. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असते. धुरातला सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो. मग त्या पाण्यात हवा सोडून गंधकाचे सल्फेट करतात, आणि सल्फेट तर समुद्रात आधीपासूनच भरपूर असते. यात न जमण्यासारखे काहीही नव्हते. समुद्र दाराशी होता आणि तंत्र जगात जुने झाले होते. उणीव होती ती मागणी करणाऱ्याच्या चिकाटीची, आणि ती खुळ्यांनी पुरवली.

ही थोरवी नुसती गावापुरती नाही. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सर्व औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवून दिली आणि ती पाळायला दोन वर्षे दिली. त्या दोन वर्षांची सात झाली, मग त्याहून जास्त. जुलै 2025 मध्ये तर देशातल्या बहुतांश केंद्रांना या संयंत्रातून सूटच देण्यात आली. ज्या यंत्रावरून सारा देश 2025 सालीही घासाघीस करत होता, ते डहाणूत 2007 पासून चालू आहे. दीर्घकालीन ऊर्जा नियोजनाची परीक्षा काळच घेतो असे मानले, तर या परीक्षेत डहाणूच्या बागायतदारांचा निकाल मंत्रालयांहून सरस आहे.

आता बोईसरकडे वळू. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर 1969 पासून वीज विकू लागल्या. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. होमी भाभांची दूरदृष्टी त्यामागे होती आणि ती खरी होती, याबद्दल माझ्या मनात आदर आहे. भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, इंधन समृद्ध युरेनियमचे, आणि 1963 च्या करारानुसार ते अमेरिकेने तीस वर्षे द्यायचे. नियोजन म्हणजे काय तर याहून नेमके काय असणार? तीस वर्षांचे इंधन कागदावर बांधून घेतले होते.

मे 1974 मध्ये पोखरणला पहिला अणुस्फोट झाला. 1978 मध्ये अमेरिकेने आपला कायदा बदलला. इंधन अडले. पुढे फ्रान्सने दिले, मग चीनने, मग रशियाने. जगाच्या नकाशावर तीन-चार वेळा दार ठोठावून तारापूरचे दिवे लावले गेले. या काळात केंद्रातल्या अभियंत्यांनी मूळच्या 210 मेगावॅटच्या भट्ट्या 160 वर आणल्या, जुन्या यंत्रांना नवे भाग घडवले, परदेशी कंपनीची मदत नसताना सगळे सांभाळले. ‘असल्या जुन्या भट्ट्यांना कुठवर ठिगळे लावणार’ म्हणणारे शहाणे तेव्हाही कमी नव्हते. याच ठिगळांतून देशातली सर्वांत स्वस्त अणुवीज पन्नास वर्षे मिळाली. हे अभियंतेही माझ्या यादीतले खुळेच, सरकारी पगारावरचे. खुळेपणाला खाते आणि हुद्दा आड येत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र अणुऊर्जेच्या नियोजकांनी स्वप्ने पाहिली. 1984 मध्ये ठरले की 2000 सालापर्यंत देशात 10,000 मेगावॅट अणुवीज असेल. 2000 साल उजाडले तेव्हा ती सुमारे 2,700 होती. आज, पंचवीस वर्षे आणखी गेल्यावरही, ती नऊ हजारांच्या आतच आहे. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2047 चे उद्दिष्ट जाहीर झाले: 1,00,000 मेगावॅट. उद्दिष्ट मोठे ठेवण्यात गैर नाही. गैर आहे ते आधीचे उद्दिष्ट का हुकले याचा जाहीर हिशेब न देता नवे मांडणे. हुकलेल्या आकड्याची किंमत कुणीतरी भरतच असते. अणुवीज येणार म्हणून दुसरी केंद्रे उभारली गेली नाहीत, तर ती तूट भारनियमनाच्या रूपाने लोकांच्या अंगावर येते.

तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी 540 मेगावॅटची. 2005 आणि 2006 मध्ये त्या चालू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. या गावांतल्या लोकांनी पुनर्वसनाची घरे, जमीन, रोजगार यांसाठी उच्च न्यायालयाचे उंबरठे झिजवले. प्रकल्पग्रस्त शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. देशाला वीज हवी आहे हे त्यांनी कधी नाकारले नाही. त्यांनी फक्त विचारले की विजेच्या युनिटची किंमत ठरवताना आमच्या गावठाणाची, होडी ओढून घेण्याच्या जागेची, मासळी सुकवायच्या वाळूची किंमत त्यात धरली का. हा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. अर्थशास्त्राच्या कुठल्याही वर्गात तो पहिल्याच महिन्यात शिकवतात. आणि तो विचारणाऱ्याला आपल्याकडे खुळा म्हणतात. महाराष्ट्र बारा-चौदा तासांच्या भारनियमनात होरपळत होता, त्या वर्षांत अणुकेंद्राच्या आसपासच्या गावांतही वीज जात होती. भट्टीचे दिवे दिसत होते आणि घरात कंदील होता.

महाराष्ट्रातल्या सर्वांत थोर खुळ्यांची गाठ मात्र पालघरला नाही, पुण्यात पडते. तिकडे जरा वळसा घ्यायला हवा, कारण त्या प्रकरणाने सगळ्या राज्याचे वीजबिल बदलले.

1992 साली राज्य वीज मंडळ आणि अमेरिकेची एन्रॉन कंपनी यांच्यात दाभोळच्या प्रकल्पाचा प्राथमिक समझोता झाला. पहिला टप्पा 695 मेगावॅटचा, दोन्ही मिळून दोन हजारांच्या वर. इंधन आयात केलेले, किंमत डॉलरशी बांधलेली, आणि वीज घेतली किंवा न घेतली तरी स्थिर आकार द्यायचाच. 1993 मध्ये जागतिक बँकेनेही या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. इतकी महाग आणि इतकी सारी वीज राज्याला परवडणारी नाही, असे तिचे मत होते. तरीही वीजखरेदीचा करार झाला. राज्याची विजेची गरज वाढतच राहणार, असा अंदाज त्याच्या पायाशी होता, आणि अंदाजावर शंका घेणे म्हणजे राज्याच्या प्रगतीवर शंका घेणे मानले जात होते.

पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेत गिरीश संत, शंतनु दीक्षित, सुबोध वागळे ही तरुण अभियंत्यांची मंडळी गणकयंत्र घेऊन बसली. कराराची कलमे मिळतील तेवढी मिळवली आणि बेरजा केल्या. वीज मंडळ वर्षाला किती रुपये देणार, कोणत्या तासांना देणार, ती वीज घेण्यासाठी स्वस्त वीज देणारी कोणती केंद्रे बंद ठेवावी लागणार. उत्तर आले की या एका करारामुळे मंडळ बुडेल. बेरजा करणारी तीन-चार माणसे एका बाजूला आणि राज्य सरकार, केंद्र सरकार, अमेरिकन वकिलात, बड्या बँका दुसऱ्या बाजूला. खुळेपणा म्हणजे याहून दुसरे काय?

मे 1999 मध्ये दाभोळची वीज सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिचा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. मे 2001 मध्ये केंद्र बंद पडले. त्याच डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोर झाली. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने या सगळ्या व्यवहारावर जो अहवाल दिला तो आजही प्रत्येक ऊर्जामंत्र्याने वाचावा. राज्याला जे कळायला सात-आठ वर्षे आणि हजारो कोटी रुपये लागले, ते पुण्यातल्या एका खोलीत आधीच कागदावर मांडून झाले होते.

त्याच मंडळींनी पुढे दुसरी बेरीज तपासली. राज्य वीज मंडळ सांगत असे की वाटेत गळणारी वीज जेमतेम सतरा-अठरा टक्के आहे आणि बाकीची शेतीपंप खातात. शेतीपंपांना मीटर नसल्यामुळे हे म्हणणे खोडायला काही साधन नव्हते. 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला, जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, आणि या सुनावण्यांत शेतीच्या नावावर चढवलेले आकडे उलगडले. गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. तोपर्यंत वर्षानुवर्षे चोरीचे आणि गलथानपणाचे पाप शेतकऱ्याच्या माथी मारले जात होते, आणि त्याच खोट्या आकड्यांवर पुढच्या पंधरा वर्षांची गरज काढली जात होती. वाणगावच्या मिरचीवाल्याच्या पंपाने जेवढे पाणी उपसले नव्हते, तेवढी वीज त्याच्या खात्यावर पडत होती. गिरीश संत 2012 मध्ये अकाली गेले. त्यांच्या कामाचे ऋण महाराष्ट्राच्या प्रत्येक वीजबिलावर आहे, जरी ते तिथे छापलेले नसले तरी.

खुळ्यांच्या कल्पना शेवटी सरकारी योजना होतात, हेही इथेच दिसते. राज्यातल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे तीन फेजची वीज एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री मिळाली. रात्री बाराला उठून बॅटरी घेऊन बांधावर जायचे, सापविंचवाची भीती, थंडीत ओल्या चिखलात उभे राहायचे. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून त्याची वीज सरळ शेतीच्या फीडरवर सोडली तर दिवसा पाणी देता येईल आणि ही वीज स्वस्तही पडेल, ही मांडणी ‘प्रयास’ने केली होती. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, आणि आता तिचे उद्दिष्ट 16,000 मेगावॅटचे आहे. एन्रॉनच्या दोन्ही टप्प्यांच्या सातपटीहून जास्त. सूर्य दिवसा असतो आणि पिकाला पाणीही दिवसाच देणे बरे, एवढी साधी गोष्ट धोरणात यायला इतकी वर्षे लागली.

अंदाजांची सवय मात्र अजून गेलेली नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर काही वर्षांनी देशाच्या विजेच्या गरजेचे सर्वेक्षण करते. अठराव्या सर्वेक्षणाने सांगितले होते की 2016-17 मध्ये देशाची कमाल मागणी सुमारे 2 लाख मेगावॅट असेल. ती प्रत्यक्षात 1 लाख 60 हजारांच्या आसपास राहिली. चाळीस हजार मेगावॅटचा फरक म्हणजे डहाणूसारखी ऐंशी केंद्रे. अशा अंदाजांच्या भरवशावर जे करार होतात, त्यांचा स्थिर आकार वीज न घेताही भरावा लागतो, आणि तो शेवटी घरगुती ग्राहकाच्या बिलात येऊन बसतो. मागणी कमी धरली तर अंधार आणि जास्त धरली तर भुर्दंड. दोन्ही चुका महाराष्ट्राने केल्या आहेत, आणि दोन्हींची भरपाई डायमेकरच्या दिव्याने आणि मिरचीच्या पंपाने केली आहे. म्हणून अंदाज काढताना ज्यांच्याकडे दिवा आहे आणि ज्यांच्याकडे पंप आहे त्यांना विचारा, एवढाच खुळ्यांचा आग्रह.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे. बंदरामुळे वाढवणचे नाव देशभर झाले आहे. 1998 मध्ये धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता. जुलै 2023 मध्ये, धर्माधिकारींच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, त्याच प्राधिकरणाने होकार दिला. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, खर्च 76,220 कोटी, आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला भूमिपूजन झाले. मांगेला, माछी, वैती मच्छीमारांची विरोधाची बाजू मी इथे पुन्हा मांडत बसत नाही. ती त्यांनी किनाऱ्यावर हजारोंनी उभे राहून मांडली आहे. ऊर्जेच्या अंगाने मात्र एक गोष्ट बोलायलाच हवी. समुद्रात भराव घालून उभे राहणारे हे बंदर, त्याच्या क्रेन, शीतगृहे, त्याला जोडणारी रेल्वे, भोवती येणारी गोदामे आणि वस्त्या या सगळ्यांना वीज लागणार. ती कुठून येणार? कोळशाच्या नव्या संचातून, समुद्रावरच्या वाऱ्यातून, की तारापूरच्या आवारातल्या आणखी एखाद्या भट्टीतून? पर्यावरणाच्या दाखल्यात मासे, खारफुटी आणि गाळ यांची चर्चा असते. या पट्ट्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या विजेचा एकसंध आराखडा लोकांपुढे ठेवून, त्यावर डहाणूत आणि वाणगावात मराठीतून सुनावणी घेतली पाहिजे. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत आले आहेत आणि धुंदलवाडीच्या लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या आहेत. त्यांना वगळून आराखडा पुरा होत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा दाखला अगदी जवळ आहे. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत ती देशात सर्वांत प्रदूषित ठरली, निर्देशांक 93.69. ही वसाहत आखली तेव्हा सांडपाण्याचाही आराखडा होताच. मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली तेव्हा त्या आराखड्याची खरी स्थिती बाहेर आली. वसाहतीच्या हद्दीपलीकडे, एका स्टेशनावर, वाणगावची मिरची अजून हिरवी आहे. हा फरक 1991 च्या अधिसूचनेने आणि तिची राखण करणाऱ्या माणसांनी टिकवला.

या माणसांना पद्म पुरस्कार द्या असे मी म्हणत नाही. त्यांच्या पद्धतीची दखल घ्या एवढे म्हणतो. त्यांनी केलेले प्रत्येक काम तीन गोष्टींवर उभे होते: कागद पूर्ण वाचणे, बेरीज स्वतः करून पाहणे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच दारात पुन्हा जाणे. यासाठी पैसा लागत नाही, पक्ष लागत नाही. वेळ लागतो, आणि आपल्याला खुळा म्हटलेले ऐकून घ्यायची तयारी लागते.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग आजही महावितरणच्या दरवाढीच्या प्रस्तावांवर सूचना आणि हरकती मागवतो. त्याची जाहिरात वर्तमानपत्रांत येते, मराठीतही येते. पत्र कुणीही पाठवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. सुनावणीत उभे राहून बोलण्याचा हक्कही कुणालाही आहे. पुढची जाहिरात येईल तेव्हा वाणगाव, चिंचणी, वरोर, बोईसर, डहाणूच्या वाचकांनी एक पान लिहावे: आमच्याकडे वीज कधी जाते, पंपाला कधी मिळते, धुराड्याखाली काय उगवते आणि काय उगवत नाही. सही करून पाठवावे. आणि सुनावणीच्या दिवशी सकाळची लोकल पकडून स्वतः हजर राहावे.